सीडी प्लेअरला ट्यूब बफर जोडताना : आधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने जोडायचं आणि फसगत कुठे होते

सीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ट्यूब बफर, म्हणजे व्हॉल्व्ह (काचेची जुन्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक नळी, तिलाच ट्यूब म्हणतात) लावलेलं आणि सिग्नल पुढे पोचवणारं छोटं यंत्र, बसवणाऱ्यांकडून माझ्याकडे फिरून फिरून तेच प्रश्न येतात. आवाज मोठा झाला पण घरघर सुरू झाली. व्हॉल्व्ह पेटलाय पण आवाजच नाही. पहिल्या दिवशी भन्नाट वाटलं, आठवड्याने काही फरक कळेना. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ यंत्रात सापडत नाही. ते सापडतं जोडण्याच्या क्रमात आणि कानाने घाईघाईत दिलेल्या निकालात. म्हणून इथे फक्त पद्धत सांगतो, तीही सोलापूरच्या घरात, इथल्या विजेवर आणि इथल्या उन्हाळ्यात चालेल अशी.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय केलेली कुठलीही तुलना फुकट आहे. पाचवा टप्पा त्यासाठीच आहे आणि लोक नेमका तोच गाळतात.

## टप्पा १ : बफरची गरज आहे का?

सीडी प्लेअरमधून पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट सिग्नल मिळतो. प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला विजेचा विरोध) बहुधा १०० ते १,००० ओहमच्या दरम्यान असतो. अॅम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटचा इम्पीडन्स सहसा १० ते ५० किलोओहम असतो. इनपुटचा आकडा आउटपुटच्या किमान दहापट असला की सिग्नल नीट पोचतो. दोन्ही आकडे बहुधा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर असतात, ते शोधा.

तुमचा अॅम्प्लिफायर ४७ किलोओहमचा असेल आणि प्लेअर ५०० ओहमचा, तर विजेच्या हिशोबाने बफरची काहीच गरज नाही. मग तो करतो काय? सिग्नलमध्ये किंचित विकृती मिसळतो, मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातल्या स्वराची. कानाला ती गोड लागते, आवाज थोडा भरीव वाटतो. सीडीवर नसलेला तपशील बफर कुठून आणणार? ही चव आहे, आणि चव म्हणून घ्यायला माझी हरकत नाही. फक्त दुकानदाराने 'सीडीचा डिजिटलपणा घालवतो' म्हणून विकली, तर ऐकून सोडून द्या.

गरज खरी कुठे असते? प्लेअरपुढे थेट पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) व्हॉल्यूम कंट्रोल असेल, अॅम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहमपेक्षा खाली असेल, किंवा एकाच प्लेअरवरून दोन-तीन यंत्रांना सिग्नल द्यायचा असेल, तिथे.

तपासणी : प्लेअर डिस्क वाचताना अडखळतो? लेन्स आधी साफ करून घ्या. एक स्पीकर पडद्यामागे आणि दुसरा शोकेसमध्ये अशी मांडणी असेल, तर दोन्ही बाहेर काढून ठेवा. या दोन गोष्टींनी आवाज जितका बदलेल तितका कुठलाही बफर बदलणार नाही.

## टप्पा २ : तयारी

हाताशी असायला हवं ते असं : मल्टिमीटर, चांगल्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनेच्या) केबलच्या दोन जोड्या (अर्धा ते एक मीटर, जास्त लांब नकोत), एक आरसीए वाय-जोडी (एका आउटपुटचे दोन फाटे करणारी), कागदी चिकटपट्टी, आणि संगणकावर तयार केलेली एक चाचणी सीडी.

मल्टिमीटर घेताना जपा. दीड-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या पिवळ्या मीटरला एसी व्होल्टचे दोनच रेंज असतात, २०० आणि ७५०. त्यावर अर्धा व्होल्ट नीट मोजता येत नाही. २ किंवा २० व्होल्ट एसीचा रेंज असलेला, नाहीतर ऑटो-रेंज मीटर घ्या. शिवाय साध्या मीटरचं एसी माप साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच विश्वासाचं असतं. त्यामुळे १,००० हर्ट्झचा नेहमीचा टोन इथे नको, ३०० हर्ट्झचा करू.

चाचणी सीडी अशी करा. ऑडेसिटी या संगणकावरच्या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ३०० हर्ट्झचा साइन टोन, अॅम्प्लिट्यूड ०.२५, लांबी पाच मिनिटं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह फाइल म्हणून साठवा आणि ऑडिओ सीडी म्हणून बर्न करा. डेटा सीडी केलीत तर जुना प्लेअर ती वाचणारच नाही. ०.२५ म्हणजे पूर्ण पातळीचा चौथा भाग, म्हणून प्लेअरवर साधारण अर्धा व्होल्ट दिसेल.

आता बफर. ऑर्डर देण्याआधी किंवा खोकं उघडल्यावर लगेच तीन गोष्टी बघा.

पहिली, हा खरंच बफर आहे की प्रीअॅम्प? खऱ्या बफरमध्ये, म्हणजे कॅथोड फॉलोअरमध्ये, सिग्नल वाढत नाही. उलट किंचित घटतो, एकाचा ०.९ वगैरे होतो. पण ६जे१ व्हॉल्व्ह लावलेले जे स्वस्त बोर्ड बफर म्हणून विकले जातात, त्यातले बरेच प्रत्यक्षात सिग्नल काही पट वाढवतात, म्हणूनच पुढे व्हॉल्यूमची खुंटी असते. सीडीचे २ व्होल्ट म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत साडेपाच व्होल्टच्या वर. ते तिप्पट केले की सतरा व्होल्ट. अशा बोर्डावर व्हॉल्व्हला मिळतात जेमतेम तीसेक व्होल्ट. मोठ्या आवाजाच्या जागी तो कोंडणारच. गायकाची तान वर गेली की आवाज चिरकतो आणि शांत जागी सगळं छान लागतं, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

दुसरी, वीज कोणती लागते? बोर्डवर 'एसी १२ व्होल्ट' लिहिलेलं असतं आणि माणूस दुकानात जाऊन बारा व्होल्टचा अॅडॉप्टर मागतो. दुकानदार राउटरचा डीसी अॅडॉप्टर देतो. पिन बसते, व्हॉल्व्हची तार लाल होते, आवाज मात्र येत नाही. कारण व्हॉल्व्हची तार डीसीवरही तापते, पण व्हॉल्व्हला लागणारा जास्तीचा व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाला एसीच लागतो. नवी पेठेत काय किंवा आणखी कुठे, स्पेअर पार्टच्या दुकानात असं मागा : "अण्णा, ट्रान्सफॉर्मर द्या, बारा झिरो बारा, एक अॅम्पिअरचा. अॅडॉप्टर नको." झिरो आणि एका बाजूचा बारा एवढ्या दोनच तारा वापरायच्या, तिसरीला टेप लावून ठेवायची. २३० व्होल्टची बाजू बंद डबीत आणि फ्यूजसह, आणि ते काम वायरमनकडून. उलट काही नव्या बोर्डांना १२ व्होल्ट डीसीच लागतो. बोर्डवर काय छापलंय तेच खरं.

तिसरी, परदेशी बनावटीच्या बंद यंत्राच्या मागे ११५/२३० चा स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, ते प्लग लावण्याआधी बघा. नंतर बघून उपयोग नाही.

इशारा : भिंतीच्या विजेवर थेट चालणाऱ्या बफरमध्ये शंभर ते अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. झाकण उघडायचं कारणच काढू नका. उघडावंच लागलं तर ज्याने असे जुने सेट दुरुस्त केलेत त्याच्याकडे न्या.

## टप्पा ३ : घरची वीज

हा टप्पा लहान आहे, पण सोलापुरात तो टाळून चालत नाही.

सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. प्लेअर एका भिंतीवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर असं असेल तर पुढच्या घरघरीची निम्मी सोय तुम्ही आधीच करून ठेवलीत.

मग अर्थिंग. वायरमनला बोलावून तीन मापं घ्यायला सांगा : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. एप्रिल-मेमध्ये इथली जमीन कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रेझिस्टन्स वाढतो. दिवाळीला शांत असलेला सेट उन्हाळ्यात गुणगुणायला लागला तर बफरला दोष देण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या वस्तीत हे सांगणं जिवावर येतं, पण कपडे धुतलेलं पाणीही चालतं.

आसपास लूमचे कारखाने असतील तर मोटारी सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टक्' होतं आणि व्होल्टेज हलतो. चांगला स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळेल, 'टक्' मात्र पूर्ण घालवणार नाही. ऐकण्याची खरी परीक्षा कारखाने बंद असतील त्या दिवशी घ्या.

## टप्पा ४ : जोडणी, ठरलेल्या क्रमाने

१. बफर एकटाच चालू करा, कुठलीही केबल न लावता. व्हॉल्व्हच्या आत तार मंद नारिंगी दिसते का, ते खोलीचा दिवा मालवून बघा. इथे एक गंमत असते : स्वस्त बोर्डांवर व्हॉल्व्हच्या बुडाखाली एलईडी बसवलेला असतो, निळा किंवा नारिंगी. तो लागला म्हणजे व्हॉल्व्ह पेटला असं नाही. खरी तार व्हॉल्व्हच्या मधोमध, धातूच्या नळीच्या टोकाशी बारीक ठिणगीएवढी दिसते आणि पूर्ण तापायला अर्धा-एक मिनिट घेते. एलईडी बटण दाबताक्षणी लागतो.

२. वीस मिनिटं तसाच ठेवा. जळका वास आला, ट्रान्सफॉर्मरला हात लावून ठेवता येईना, किंवा एक व्हॉल्व्ह गरम आणि दुसरा गार राहिला, तर तिथेच थांबा आणि यंत्र परत पाठवा.

३. मीटर डीसीवर ठेवून बफरच्या दोन्ही आउटपुट जॅकवर मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये मोजा. सुरुवात २० व्होल्टच्या रेंजने. चालू करताना आकडा उडी मारेल, ते ठीक. पाच मिनिटांनी तो काही मिलिव्होल्टवर यायला हवा. तिथे अर्धा-एक व्होल्ट स्थिर दिसत असेल तर आतला कपॅसिटर गळतोय. असा बफर अॅम्प्लिफायरला लावाल तर स्पीकरपर्यंत नुकसान पोचू शकतं.

४. सगळं बंद करा. प्लेअरच्या अॅनालॉग आउटपुटमधून (लाल-पांढरा) बफरच्या इनपुटला, बफरच्या आउटपुटमधून अॅम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला केबल लावा.

इथे होणाऱ्या चुका : नारिंगी रंगाचा कोअॅक्सिअल डिजिटल जॅक दिसायला अगदी आरसीएसारखाच असतो. तिथून अॅनालॉग आवाज मिळत नाही. प्लेअरला 'फिक्स्ड' आणि 'व्हेरिएबल' असे दोन आउटपुट असतील तर फिक्स्ड घ्या. अॅम्प्लिफायरचा फोनो इनपुट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतो, त्यात सीडी लावली की नुसता कर्कश गोंगाट. आणि बफर स्पीकरच्या तारेत बसवायचा नसतो. हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

५. चालू करताना : आधी बफर, एक-दोन मिनिटांनी प्लेअर, शेवटी अॅम्प्लिफायर, व्हॉल्यूम शून्यावर. बंद करताना उलट : सर्वांत आधी अॅम्प्लिफायर. व्हॉल्व्ह तापताना-निवताना आउटपुटवर जो धक्का येतो तो स्पीकरपर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

इशारा : मध्येच लाइट गेली तर सगळं बंद पडतं आणि आली की एकदम सुरू होतं. लाइट गेल्याबरोबर उठून अॅम्प्लिफायरचं बटण बंद करायची सवय लावा. इथल्या उन्हाळ्यात ही सवय आपोआप लागते.

### घरघर आली तर

अंदाजाने केबल बदलत बसू नका. मागून पुढे एकेक पायरी तपासा.

अॅम्प्लिफायर एकटा, इनपुटला काहीच नाही, नेहमीच्या व्हॉल्यूमवर. घरघर आहे? मग दोष अॅम्प्लिफायरचा.

शांत आहे? आता बफर जोडा, पण त्याच्या इनपुटला प्लेअर न लावता शॉर्टिंग प्लग लावा. दोन रिकाम्या आरसीए पिना घेऊन प्रत्येकीत मधलं टोक आणि कडी एका तारेच्या तुकड्याने सोल्डर केली की प्लग झाला. इनपुट नुसता उघडा ठेवलात तर चांगला बफरही गुणगुणतो आणि तुम्ही त्याला उगाच नापास कराल. हा प्लग फक्त बफरच्या इनपुटला, प्लेअरच्या आउटपुटला चुकूनही नाही.

अजूनही घरघर असेल तर बफर उचलून अॅम्प्लिफायरपासून हातभर लांब न्या, केबल जोडलेलीच ठेवून. लांब नेल्यावर कमी झाली तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र भोवतंय. बफर अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, तो इथे नडतो. अंतराने काही बदललं नाही तर दोष बफरच्या वीजपुरवठ्यात आहे, किंवा बफर आणि अॅम्प्लिफायर दोघेही तीन पिनी असतील तर त्यांच्यातल्या अर्थच्या वेटोळ्यात. केबलची कडी एकीकडून आणि प्लगची अर्थ पिन दुसरीकडून, असा गोल पूर्ण होतो.

शॉर्टिंग प्लगने शांत आणि प्लेअर लावताच घरघर, असं झालं तर अर्थचं वेटोळं प्लेअरच्या बाजूने पूर्ण होतंय. यात सर्वांत संशयित असते केबल टीव्हीची तार. डीव्हीडी प्लेअर किंवा अॅम्प्लिफायर सेट टॉप बॉक्सलाही जोडलेला असेल तर ती तार काढून बघा. बरेचदा विषय तिथेच संपतो.

इशारा : घरघर घालवायला तीन पिनी प्लगची अर्थ पिन तोडणारे मेकॅनिक गावात आहेत. घरघर खरंच जाते. पण पुढे इन्सुलेशन फाटलं तर बफरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात आणि तो पत्रा तुमच्या हाताखाली असतो. एवढं करूनही आवाज जाईना तर बफर आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

## टप्पा ५ : पातळी सारखी करा

दोन आवाजांत एकाची पातळी जराशी जास्त असेल तर कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. स्वच्छ, जिवंत, जवळचा, असे शब्द मग तोंडात येतात. सिग्नल वाढवणारा बोर्ड लावणारे म्हणूनच पहिल्या दिवशी खूश होतात. खरा बफर लावणाऱ्याची नेमकी उलट गत होते : सिग्नल ०.९ झाला म्हणजे जवळपास एक डेसिबल कमी, आणि तो म्हणतो, आवाज मऊ झाला, कडा गेल्या. बफरने काय केलं हे दोघांनाही अजून कळलेलंच नाही.

करायचं असं. प्लेअरच्या आउटपुटला वाय-जोडी लावा. एक फाटा थेट अॅम्प्लिफायरच्या सीडी इनपुटला, दुसरा बफरमधून ऑक्सला. आता केबल न उपटता नुसत्या सिलेक्टरने थेट आणि बफरमार्गे असे दोन्ही आवाज मिळतील. या जोडणीत नव्याने घरघर आली तर आधी वरचीच तपासणी पुन्हा करा.

बफर अर्धा तास तापू द्या. चाचणी सीडी लावा, सिलेक्टर थेट इनपुटवर ठेवा. मीटर एसीवर, टोकं अॅम्प्लिफायरच्या एका बाजूच्या स्पीकर टर्मिनलवर, स्पीकर जोडलेलाच. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, अॅम्प्लिफायर जाईल. व्हॉल्यूम हळूहळू वाढवत मीटरवर १.०० व्होल्ट आणा. टोन कानाला त्रास देईल, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आता सिलेक्टर बफरवर. आकडा बघा. समजा १.१२ आला, म्हणजे साधारण एक डेसिबल जास्त. बफरला व्हॉल्यूमची खुंटी असेल तर तिच्यानेच तो १.०० वर आणा आणि खुंटीवर चिकटपट्टी लावून टाका. खुंटी नसेल तर अॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमवर दोन खुणा करा, थेटसाठी एक, बफरसाठी एक. ०.९८ ते १.०२ च्या आत आलं की पुरे.

तपासणी : हेच दुसऱ्या बाजूच्या स्पीकरवर. डाव्या-उजव्यात पाच टक्क्यांहून जास्त फरक फक्त बफरमार्गेच दिसला, तर दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळत नाहीत किंवा खुंटीचे दोन भाग सारखे चालत नाहीत. स्वस्त खुंट्यांमध्ये, विशेषतः पहिल्या चतुर्थांशात, हे सर्रास दिसतं. खुंटी मधल्या भागात येईल अशी पातळी जमवा.

## टप्पा ६ : ऐकणं

आपल्या कानासाठी तंबोऱ्याइतकी चांगली परीक्षा नाही. तंबोऱ्याची साथ स्वच्छ ऐकू येते अशी ख्यालाची एखादी सीडी घ्या आणि आलापीतली पहिली दोन-तीन मिनिटं ऐका. जवारीत, म्हणजे तारांच्या त्या झंकारात, हार्मोनिक्सची गर्दी असते आणि बफर नेमके तेच वाढवतो, त्यामुळे फरक पडायचा तर तिथे आधी पडतो. चांगल्या बफरमध्ये तंबोरा थोडा पुढे आल्यासारखा वाटेल, पण खर्ज आणि पंचमाच्या तारा सुट्या ऐकू यायला हव्यात. त्या एकमेकींत विरघळून नुसता गोड गुंजारव उरला, तर विकृती फार झाली. दुसरी जागा म्हणजे तबल्याचा बायां : घिस्सा घेताना (तळहात पुडीवर घासताना) स्वर कसा वर चढतो ते ऐका. तो चढ पुसट होत असेल तर बफर तुमचं नुकसान करतोय, मग गळा कितीही मधाळ लागो.

ढोलताशा आणि कर्कश मिक्सिंगच्या सीड्यांवर निर्णय घेऊ नका. पातळी ठासून भरलेली सीडी बफरमधूनही तशीच ठासलेली राहते.

मग घरातल्या कुणाला तरी सिलेक्टरवर बसवा. तुम्ही पाठ करून बसायचं. तुम्हाला न सांगता त्यांनी थेट किंवा बफर लावायचं, व्हॉल्यूमची खूणही त्यांनीच जुळवायची. दर वेळी मध्ये एकदा आवाज बंद करायचा, म्हणजे सिलेक्टरच्या खटक्यावरून ओळखता येणार नाही. अशा दहा खेपा. नऊ-दहा बरोबर आल्या तर फरक खरा आहे, मग तो आवडतो का हे ठरवा. पाच-सहा आल्या तर ती नाणेफेक झाली. बफर दिसायला छान आहे म्हणून ठेवला तरी चालेल, फक्त त्याच्यावर आणखी पैसे घालू नका.

'शंभर तास चालू द्या, मग खुलतो' असं सांगणारे भेटतील. नवा व्हॉल्व्ह सुरुवातीच्या काही तासांत थोडा स्थिरावतो हे खरं, पण शंभर तासांत यंत्रापेक्षा कानच जास्त सरावतात. सामान परत करायची मुदत तेवढ्यात निघून जाते, हा आणखी एक योगायोग.

## टप्पा ७ : व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर

हे सर्वांत शेवटी, आणि वरचं सगळं जमल्यावरच. नऊ पिना दिसल्या म्हणून कुठलाही नऊ पिनी व्हॉल्व्ह बसवणं ही यातली सर्वांत महाग चूक.

६जे१ सात पिनी आहे. त्याच्या जागी ६एके५, ५६५४ किंवा ईएफ९५ चालतो. ६एन३ नऊ पिनी आहे आणि त्याच्या जागी ५६७० चालतो. त्याच्या पिनांची मांडणी वेगळी असल्यामुळे तिथे १२एयू७ किंवा ६डीजे८ बसवू नका. १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२, आणि ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८, ज्याचा टिकाऊ भाऊ ६९२२. हे दोन गटही एकमेकांत बदलायचे नाहीत. चार आणि पाच नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्ट देणाऱ्या सॉकेटमध्ये ६.३ व्होल्टचा ६डीजे८ लावला तर त्याची तार जळते. उलट केलं तर १२एयू७ ला निम्माच व्होल्टेज मिळतो आणि तो अर्धवट तापतो.

काढताना यंत्र बंद करून पूर्ण गार होऊ द्या. व्हॉल्व्ह काचेला धरून सरळ वर, अगदी थोडा डोलवत ओढा. पिळू नका, पिनांच्या मुळाशी काच तडकते. बसवताना पिनांमधली मोठी फट आणि सॉकेटमधली मोठी फट जुळवा. वाकडी पिन दाबून बसवायची नाही, आधी बारीक पकडीने सरळ करायची.

नव्या व्हॉल्व्हवर, चालू असताना आणि व्हॉल्यूम कमी ठेवून, पेन्सिलच्या रबराने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून थोडं 'टुक' आलं तर चालेल. घंटेसारखं लांबत गेलं तर तो व्हॉल्व्ह लूमशेजारच्या घरात कामाचा नाही. तिथे जमीनच दिवसभर थरथरत असते.

## टप्पा ८ : जागा, ऊन, सुताचे तंतू

थरथर कमी करायला बफरखाली टॉवेलची जाड घडी घालणारे आपल्या गावात सापडणारच, टॉवेलची कमी आहे का! पण बुडाची हवेची भोकं त्याने बंद होतात. चार रबरी पाय लावा. वरून चादर किंवा जाळीदार रुमाल झाकायचा नाही, निदान गार होईपर्यंत तरी नाही.

मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. शोकेसच्या बंद काचेआड बफर चालवू नका. वर किमान वीतभर मोकळी जागा हवी. दुपारी ऐकायचंच असेल तर पंखा चालू ठेवा.

पूर्व भागात, कारखान्यांच्या शेजारी, हवेतले सुताचे बारीक तंतू गरम व्हॉल्व्हभोवती आणि सॉकेटवर जमतात. प्लग काढून, गार झाल्यावर, कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका. ओलं फडकं नको. काचेला बोटं लागली तर काही बिघडत नाही, फक्त पुसताना वरचं छापील नाव जातं आणि मग व्हॉल्व्ह कोणता होता हे कुणालाच सांगता येत नाही. नाव आधी वहीत लिहून ठेवा.

व्हॉल्व्हच्या टोकाला आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. कडा तपकिरी होणं हे नुसतं वय. एक बाजू बंद पडली किंवा खरखरायला लागली तर यंत्र दुरुस्तीला नेण्याआधी, प्रत्येक बाजूला वेगळा व्हॉल्व्ह असेल तर डावा-उजवा आपसात बदलून बघा. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर एक व्हॉल्व्ह घ्या. जागची हलली नाही तर आधी केबल अदलाबदल करा, मग सॉकेटची पकड तपासा, आणि त्यानंतरच मेकॅनिककडे जा.